धूम्रपान आणि फुप्फुसांची जंतूंशी लढण्याची ताकद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की गोव्यात ताप-खोकल्याचे रुग्ण वाढतात. छातीच्या ओपीडीत बसलं की पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या माणसांकडून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतात. सिगारेट ओढणारे कॅन्सरविषयी विचारतात, न्यूमोनियाविषयी फार थोडे. पाकिटावर चित्र कॅन्सरचं असतं, त्यामुळे धोका म्हणजे कधीतरी म्हातारपणी येणारी गोष्ट असा समज होतो. पण जंतूंना अडवण्याची फुप्फुसांची जी व्यवस्था आहे, ती धूर आजच, याच आठवड्यात, कमकुवत करत असतो. ते कसं घडतं आणि त्यातलं किती भरून येतं, हे लोकांना कळावं म्हणून ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत.

जंतू तर सगळ्यांच्याच श्वासातून आत जातात. मग सगळ्यांना न्यूमोनिया का होत नाही?

मोठा माणूस दिवसभरात साधारण १०,००० लिटर हवा आत घेतो. तिच्याबरोबर धूळ, बुरशीचे कण, जंतू येतात. शिवाय झोपेत घशातली थोडीशी लाळ श्वासनलिकेत उतरते, अगदी धडधाकट माणसाचीही. न्यूमोनियाचा सगळ्यात नेहमीचा जंतू, न्यूमोकोकस, कित्येकांच्या नाकाघशात काही त्रास न देता राहत असतो. म्हणजे जंतू आत शिरणं ही रोजची गोष्ट आहे. ते आत टिकत नाहीत, म्हणून आपण निरोगी असतो.

मोठे कण नाकातच अडकतात. त्याखाली श्वासनलिका आणि तिच्या फांद्या आतून एका पातळ चिकट थराने, श्लेष्म्याने, माखलेल्या असतात. या थराखालच्या पेशींवर सूक्ष्म लव असते. ही लव सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते आणि श्लेष्मा सतत घशाकडे वर सरकवत राहते. त्यात अडकलेले जंतू आपण नकळत गिळतो आणि पोटातलं आम्ल त्यांचा निकाल लावतं. श्लेष्म्यात जंतूंच्या भिंती फोडणारी द्रव्यं असतात, आयजीए नावाची प्रतिपिंडं असतात, डिफेन्सिनसारखी छोटी प्रथिनं असतात.

एवढं सगळं चुकवून अगदी बारीक कण वायुकोशांपर्यंत, म्हणजे श्वासनलिकांच्या टोकांना असलेल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत, पोचतात. आपल्या दोन फुप्फुसांत मिळून असे ३० ते ५० कोटी वायुकोश आहेत. तिथे लव नसते, कारण रक्तात ऑक्सिजन जायचा तर भिंत अतिशय पातळ हवी. तिथली जबाबदारी मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींवर असते. त्या जंतू गिळून आतल्या आत पचवतात. जंतू फार झाले तर रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावतात. काम झालं की मेलेल्या पेशी उचलून सूज उतरवतात. हे शेवटचं काम लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मग धूर यातलं नेमकं काय बिघडवतो?

जवळजवळ सगळंच, आणि वरपासून खालपर्यंत.

सिगारेटच्या धुरात ७,००० हून अधिक रसायनं असतात. त्यातली अॅक्रोलीन, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड, अमोनिया ही लवेची हालचाल मंद करतात. रोज ओढणाऱ्याची लव आखूड होते, जागोजाग गळून जाते, आणि काही ठिकाणी लव असलेल्या पेशींच्या जागी साध्या चपट्या पेशी येतात. त्यांना काही सरकवता येत नाही. त्याच वेळी श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी वाढतात. पेशींतून क्षार आणि पाणी बाहेर सोडणारी सीएफटीआर ही वाहिनीही धुराने मंदावते, त्यामुळे श्लेष्मा घट्ट होतो. चिकटा वाढला, घट्टही झाला, आणि तो वर नेणारी लव कमी झाली. साचलेल्या श्लेष्म्यात जंतूंना वाढायला ओलावा, ऊब आणि खाद्य तिन्ही मिळतं.

श्वासनलिकेच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून अस्तर बनवतात. धुराने ते सांधे सैल होतात. ज्यांची खाजन शेती आहे त्यांना हे लगेच समजेल: खेकड्यांनी आतून पोखरलेला बांध बाहेरून धड दिसतो, आणि उधाणाच्या भरतीला एका रात्रीत फुटतो. पस्तिशीतला सिगारेट ओढणारा माणूस फुटबॉल खेळतो, डोंगर चढतो, त्याला काहीच होत नसतं. मग साधा फ्लू येतो, आणि त्याच्या मागोमाग न्यूमोनिया.

सकाळी खोकून कफ पडला की छाती मोकळी होते. ते चांगलंच नाही का?

कफ पडतो ते बरंच आहे, पण तो पडावा लागतो हे वाईट आहे. रात्रभर जे काम लवेने मुकाट्याने करायचं, ते झालेलं नसतं, म्हणून शरीर सकाळी जोर लावून खोकतं. ‘सिगारेट ओढल्याशिवाय कफ सुटत नाही’ असंही पुष्कळ जण सांगतात. धुराची जळजळ खोकला आणते, म्हणून तसं वाटतं. लागोपाठ दोन वर्षं, वर्षातले तीन महिने तरी कफाचा खोकला राहिला, आणि त्याला दुसरं कारण सापडलं नाही, तर वैद्यकात त्याला जुनाट ब्रॉन्कायटिस म्हणतात. ‘स्मोकरचा खोकला’ म्हणून तो अंगवळणी पाडून घेऊ नका, तपासून घ्या.

ओढणाऱ्यांच्या फुप्फुसात पांढऱ्या पेशी जास्त असतात असं ऐकलं. मग त्यांचं संरक्षण जास्त नको का?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हा आहे, कारण गैरसमजाचं मूळच त्यात आहे. ऐकलेलं खरं आहे. फुप्फुसं धुऊन आलेलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सिगारेट ओढणाऱ्यांत मॅक्रोफेज कितीतरी पट जास्त दिसतात. फक्त त्या वेगळ्या दिसतात: आत तपकिरी कण भरलेले. हे टारचे आणि धुरातल्या कणांचे अवशेष. ते पेशीला पचवता येत नाहीत, म्हणून ती नुसती पोटात घेऊन बसते.

अशा पेशीपुढे जंतू आला तर काय होतं, हे प्रयोगशाळांत पुष्कळदा तपासलं गेलं आहे. तिची जंतू गिळण्याची क्षमता उतरलेली असते. हिमोफिलस इन्फ्लुएन्झीसारख्या जंतूंच्या बाबतीत, विशेषतः सीओपीडी (श्वासाची वाट अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) झालेल्यांमध्ये, हे स्पष्ट दिसलं आहे. जंतू ओळखून धोक्याचा निरोप पाठवण्याचं कामही ती मंदपणे करते. आणि मेलेल्या पेशी उचलण्याचं जे काम वर सांगितलं, तेही अर्धवट राहतं. मेलेल्या पेशी तिथेच फुटतात, त्यातली द्रव्यं सांडतात, सूज उतरत नाही.

न्यूट्रोफिलची गोष्ट याहून वाईट. धुराने दुखावलेलं अस्तर सतत त्यांना बोलावत राहतं, जंतू असोत वा नसोत. न्यूट्रोफिल इलॅस्टेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडतात. ते जंतूंसाठी असतं, पण फुप्फुसाचे लवचीक धागेही कापतं. एरवी यकृतात बनणारं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन त्याला आवर घालतं. धुरातली ऑक्सिडीकरण करणारी द्रव्यं या प्रथिनालाच निकामी करतात. मोकाट सुटलेलं इलॅस्टेज वायुकोशांच्या भिंती खातं आणि एम्फिसीमा होतो. तेच विकर प्रतिपिंडंही तोडतं आणि लवेलाही इजा करतं. रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांचं प्रमाणही ओढणाऱ्यांत काहीसं कमी आढळतं.

म्हणून पेशी जास्त असणं आणि संरक्षण जास्त असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ओढणाऱ्याच्या फुप्फुसात सूज कायम असते आणि जंतूवर मारा मात्र अपुरा पडतो.

धुराने जंतू मरत नाहीत का? मासे धुरावर टिकतात ना!

मासा टिकतो तो मुख्यतः मिठामुळे आणि सुकल्यामुळे. जिवंत, ओलसर, ३७ अंशांच्या फुप्फुसात तसं काही होत नाही. उलट धुरामुळे जंतूंना मदत होते, आणि तीही दोन बाजूंनी.

श्वासनलिकेच्या पेशींवर पीएएफ रिसेप्टर नावाचं एक प्रथिन असतं. धुराच्या संपर्काने ते वाढतं, आणि न्यूमोकोकस नेमका त्यालाच धरून पेशीला चिकटतो. दुसरी बाजू जंतूंची. धुराच्या संपर्कात स्टॅफिलोकोकस ऑरियस, न्यूमोकोकस यांसारखे जंतू एकत्र येऊन चिकट थर बनवायला लागतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थरात शिरणं पेशींनाही कठीण आणि अँटिबायोटिकलाही. ओढणाऱ्यांच्या नाकाघशात अपायकारक जंतूंचा मुक्कामही जास्त आढळतो.

यामुळे प्रत्यक्षात कोणते आजार वाढतात?

समाजात वावरताना होणाऱ्या न्यूमोनियाचा धोका ओढणाऱ्यांना न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतो. न्यूमोकोकस रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरतो तेव्हाचा गंभीर आजार पाहिला तर फरक आणखी मोठा दिसतो. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ ते ६४ वयाच्या, एरवी प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या लोकांची पाहणी होती. त्यात ओढणाऱ्यांना हा आजार होण्याची शक्यता चौपट निघाली, आणि स्वतः न ओढता दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्यांना अडीचपट. तिथल्या लसीकरण सल्लागार समितीने २००८ साली सिगारेट ओढणं हेच न्यूमोकोकस लस घेण्याचं एक कारण म्हणून यादीत घातलं, ते अशाच पुराव्यांवरून.

लिजनेअर्स आजाराचं नाव आपल्याकडे कमी ऐकू येतं. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात भरलेल्या संमेलनानंतर तो ओळखला गेला. मोठ्या इमारतींचे कूलिंग टॉवर, गरम पाण्याच्या टाक्या, शॉवर यांच्या तुषारांतून लिजिओनेला हा जंतू पसरतो, आणि धूम्रपान हे त्याच्या ठळक जोखमींपैकी एक आहे. आपलं राज्य हॉटेलांवर चालतं. देखभाल विभागात काम करणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

सीओपीडीच्या रुग्णांत हिमोफिलस, मोराक्झेला आणि पुढे स्यूडोमोनास हे जंतू वारंवार उठाव करतात. प्रत्येक उठावाबरोबर फुप्फुसाची थोडी क्षमता कायमची जाऊ शकते.

आणि टीबी? तो तर गरिबीमुळे आणि कमी खाण्यामुळे होतो ना?

त्यामुळे होतोच. पण धूम्रपानाचा वाटा आपल्या देशात मोठा आहे आणि त्याबद्दल बोललं फार कमी जातं. टीबीचा जंतू वायुकोशातल्या मॅक्रोफेजच्या आतच घर करतो. ती पेशी धडधाकट असेल तर त्याला कोंडून ठेवते, टारने भरलेली असेल तर तिचा आवर ढिला पडतो. धूम्रपानाने टीबी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. बरा झालेला टीबी उलटण्याची शक्यताही वाढते.

२००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये तामिळनाडूतला एक मोठा अभ्यास आला होता, डॉ. वेंधन गजलक्ष्मी आणि रिचर्ड पेटो यांच्या गटाचा. त्यात ओढणाऱ्या पुरुषांत टीबीने होणारे मृत्यू न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले. भारतातल्या पुरुषांच्या टीबी मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे धूम्रपानाशी जोडता येतात, असा त्यांचा अंदाज होता. माझ्या मते टीबीच्या प्रत्येक रुग्णाला पहिल्या गोळीबरोबरच सिगारेट-विडी सोडण्याची मदत मिळायला हवी. नुसतं ‘सोडा हं’ म्हणणं पुरत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. ‘हा माझा नेहमीचा सिगारेटचा खोकला’ असं म्हणत थांबलेले रुग्ण उशिरा येतात, आणि तोवर घरातल्यांनाही लागण झालेली असते.

मी विडी ओढतो. तीत तंबाखू कमी असते, वर पान नैसर्गिक. कमी अपाय असेल ना?

नाही. विडीत तंबाखू कमी असली तरी तेंदूचं पान हवा कमी जाऊ देतं, विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात, आणि टार व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकं किंवा त्याहून जास्त आत जातं. गोव्यात पूर्वी धुमटी वळत, काही जणी तर तिचं पेटतं टोक तोंडात धरून ओढत. आता ती क्वचितच दिसते, पण तिचा धूरही जळालेल्या पानाचा आणि तंबाखूचाच. फिल्टर, लाइट, मेंथॉल यांनी धूर घशाला मऊ लागतो. वायुकोशांना मात्र ते फरक कळत नाहीत.

वेप आणि हुक्का?

ई-सिगारेट विकणं, बनवणं, आयात करणं, साठवणं यांवर भारतात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. तरी किनारपट्टीच्या पट्ट्यात ती तरुण मुलांच्या हातात दिसते. तिच्यात जळालेलं पान नाही, म्हणून टार नाही, हे खरं. पण तिची वाफही लवेची हालचाल आणि मॅक्रोफेजचं काम बिघडवते, असं प्रयोगांत दिसलं आहे. दीर्घ परिणाम कळायला अजून वेळ लागेल, आणि तो प्रयोग स्वतःच्या मुलावर होऊ देऊ नये. हुक्क्याचा धूर पाण्यातून आला म्हणून गाळला जात नाही. तासभराच्या बैठकीत एका सिगारेटहून कितीतरी जास्त धूर आत जातो, आणि एकच नळी तोंडातोंडात फिरली तर जंतूही फिरतात.

मी रोज ओढत नाही. शनिवारी मित्रांबरोबर ड्रिंक्स घेताना तेवढ्या चार-पाच.

कमी ओढणं हे जास्त ओढण्यापेक्षा बरं, पण खाली पूर्ण सुरक्षित असा आकडा नाही. आणि तुमच्या बाबतीत दारूची भर पडते. दारूने खोकल्याची आणि ठसक्याची प्रतिक्रिया मंदावते, झोप गाढ लागते, घशातला स्राव फुप्फुसात उतरतो. दारूही लवेला आणि मॅक्रोफेजला मंद करते. दोन्ही एकाच रात्री म्हणजे जंतू आत जाण्याची वाट मोकळी आणि त्यांना हाकलणारे दोन्ही मार्ग अर्धे बंद.

सर्दी-खोकल्यावर गरम पाण्यातून थोडी फेणी घेतली की बरं वाटतं. आजीही द्यायची.

आजीच्या मायेबद्दल दुमत नाही. फेणीने ऊब वाटते, झोप लागते, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, जंतूवर तिचा काही उपाय चालत नाही. वरच्या उत्तरात दारूबद्दल जे आहे ते फेणीलाही लागू आहे. कफ सुटायला गरम पेज, भरपूर पाणी, वाफ हे पुरतं. मुलांना फेणी पाजू नका.

मी घरात ओढत नाही, बाल्कनीत जातो. बायको-मुलांना धोका नाही ना?

कमी होतो, संपत नाही. धूर दारा-खिडकीतून आत येतो, कपड्यांवर, केसांवर, पडद्यांवर बसतो. लहान मुलांच्या श्वासनलिका बारीक असतात आणि ती मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात. परोक्ष धुरात वाढणाऱ्या मुलांना ब्रॉन्कायटिस, न्यूमोनिया आणि कानाचे संसर्ग जास्त होतात, हे जगभर दिसलं आहे. गाडीत तर अजिबात ओढू नका, काच उघडी ठेवूनही. आमच्याकडे एखादं मूल पावसाळ्यात तिसऱ्यांदा छाती भरून येतं, तेव्हा मी औषध लिहिण्याआधी घरात कोण ओढतं ते विचारते. उत्तर बहुतेक वेळा आजोबांकडे किंवा बाबांकडे बोट दाखवतं. त्यांना ते ऐकून खरोखर वाईट वाटतं. त्यांच्यापैकी काही जण त्यानंतर सोडतातही.

मी खाणीवर ट्रक चालवायचो, आता वेल्डिंग करतो. धूळ तर रोजचीच आहे, एका सिगारेटने काय फरक पडणार?

पडतो, आणि धुळीमुळेच जास्त पडतो. धूळ वर आणून टाकण्याचं कामही त्याच लवेचं आणि त्याच मॅक्रोफेजचं. डिचोली, सांगे, केपे भागांत ज्यांनी खाणींवर किंवा क्रशरवर वर्षं काढली त्यांच्या फुप्फुसांवर आधीच बोजा आहे. दगडाच्या धुळीतल्या सिलिकाने मॅक्रोफेज मरतात आणि टीबीचा धोका वाढतो. त्यात धूम्रपान मिळालं की दोन्ही धोके एकमेकांना वाढवतात. वेल्डिंगच्या धातूयुक्त धुराने न्यूमोकोकसच्या न्यूमोनियाचा धोका वाढतो, हेही माहीत असलेलं आहे. कामाचा मास्क चांगला वापरा, आणि डॉक्टरकडे गेल्यावर आजवरची सगळी कामं सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

पुढच्या महिन्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. तोपर्यंत ओढलं तर चालेल?

आजपासून बंद करा. भूल दिल्यावर खोकला दबतो, नंतर दुखण्यामुळे माणूस खोल श्वास घेत नाही, आणि साचलेल्या कफात न्यूमोनिया धरतो. ऑपरेशनच्या चार आठवडे किंवा त्याहून आधी सोडलं तर छातीच्या आणि जखमेच्या गुंतागुंती कमी होतात. तेवढे दिवस उरले नसतील तरी सोडा आणि भूलतज्ज्ञांना खरं सांगा.

न्यूमोनियावर अँटिबायोटिक घेतोच आहे. ओढणं चालू ठेवलं तर?

अँटिबायोटिक जंतूंची संख्या खाली आणतं. उरलेले जंतू, मेलेल्या पेशी, पू हे सगळं साफ करणं शरीराचंच काम. ते काम ज्या पेशी करतात त्यांनाच तुम्ही दर तासाला धूर देत राहिलात तर बरं व्हायला वेळ लागतो आणि पुन्हा आजारी पडण्याची शक्यता वाढते. आणखी एक कळकळीची विनंती. फार्मसीत जाऊन स्वतःच ‘मागच्या वेळची गोळी’ मागू नका. अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकने जंतू निर्ढावतात, आणि आजार टीबीचा असेल तर काही गोळ्या तो तात्पुरता झाकतात.

लस घेतली तर?

जरूर घ्या. न्यूमोकोकसची आणि दरवर्षी फ्लूची. फ्लूनंतरच जंतूंचा न्यूमोनिया पुष्कळदा येतो, म्हणून ओढणाऱ्यांसाठी फ्लूची लसही तितकीच मोलाची. बाळांना न्यूमोकोकसची पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते. मोठ्यांसाठी कोणती आणि केव्हा, हे वय, मधुमेह, सीओपीडी पाहून डॉक्टर ठरवतील. मात्र लस काही ठरावीक जंतूंपुरतीच असते. लव आणि मॅक्रोफेज प्रत्येक जंतूसाठी असतात, आणि त्यांना बरं करणारी लस नाही.

सोडल्यावर हे सगळं भरून येतं का? किती दिवसांत?

पुष्कळसं येतं, पण प्रत्येक भागाचा वेग निराळा. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो. लव पुढच्या काही आठवड्यांत ते महिन्यांत पुन्हा वाढू लागते, आणि खोकला व धाप पहिल्या वर्षभरात कमी होत जातात. न्यूमोकोकसच्या गंभीर आजाराचा धोका वर्षागणिक घटतो आणि दहा-बारा वर्षांनंतर न ओढणाऱ्यांच्या जवळ येतो.

२०२४ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने ‘नेचर’मध्ये सुमारे १,००० निरोगी लोकांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओढणाऱ्यांच्या पेशी काही जंतूंना वाजवीपेक्षा जास्त भडकून प्रतिसाद देत होत्या. हा दोष सोडल्यावर लवकर ओसरला. बी आणि टी पेशींच्या, म्हणजे जंतूची आठवण ठेवणाऱ्या पेशींच्या, प्रतिसादातले बदल मात्र सोडल्यानंतर अनेक वर्षं टिकले. त्यामुळे ‘चाळिशीत सोडेन’ या हिशोबात तोटा आहे. आणि एम्फिसीमाने गेलेले वायुकोश परत येत नाहीत. तिथे मिळतं ते एवढंच की पुढची पडझड मंदावते, आणि ते थोडंथोडकं नाही.

सोडून पंधरा दिवस झाले आणि खोकला उलट वाढला. पुन्हा सुरू करू का?

करू नका! लव पुन्हा काम करू लागली की साचलेला कफ वर येतो, म्हणून काही जणांचा खोकला काही आठवडे वाढतो. पाणी प्या, चाला. कफात रक्त, ताप, वजन घटणं किंवा छातीत दुखणं असेल तर तो वेगळा प्रश्न, लगेच दाखवा.

माझे वडील सत्तरीचे आहेत, पन्नास वर्षं ओढतात. आता सोडून काय मिळणार?

या वयात न्यूमोनिया म्हणजे हॉस्पिटल, आणि कधी कधी तिथून परत न येणं. म्हणून लवकर मिळणारा फायदा त्यांना हवाच आहे. त्यांच्याशी कॅन्सरची भीती घालून बोलू नका. भजनाला बसल्यावर दम पुरेल, चवथीला नातवंडांच्या घोळक्यात खोकल्याची उबळ कमी येईल, असं जवळचं काही सांगा. आणि पहिल्या वेळी जमलं नाही म्हणून घालून-पाडून बोलू नका. बहुतेकांना एकाहून जास्त प्रयत्न लागतात.

तातडीने दवाखान्यात कधी जायचं?

थंडी वाजून ताप, श्वास घेताना छातीत टोचणं, गंजाच्या रंगाचा किंवा पुवासारखा कफ, बसल्या जागी धाप, ओठ-नखं निळसर, किंवा म्हाताऱ्या माणसात अचानक आलेला गोंधळ: यातलं काहीही असेल तर रात्र काढू नका. म्हाताऱ्यांना न्यूमोनियात ताप नसूही शकतो. १०८ ला फोन करा, किंवा जवळच्या सरकारी हॉस्पिटलात न्या. बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलापर्यंत जायची वाट पाहण्यापेक्षा म्हापसा, फोंडा, मडगाव इथे लवकर पोचणं जास्त महत्त्वाचं.

सोडायला मदत कोणाची घ्यायची?

१८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सल्ल्याचा मोफत क्रमांक आहे. डॉक्टरच्या सल्ल्याने निकोटीन गम किंवा पॅच, तसंच व्हॅरेनिक्लीन, ब्युप्रोपिऑन ही औषधं घेता येतात. गममध्येही निकोटीनच असतं मग फायदा काय, असं लोक विचारतात. गममध्ये जळलेलं काही नाही, टार नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. फुप्फुसांत धूर जाणं थांबतं, आणि आपल्याला थांबवायचा आहे तो धूरच. गम सुपारीसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावायचा, चुणचुणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा थोडा चावायचा. भराभर चघळून निकोटीन गिळलं गेलं की मळमळतं, आणि लोक ‘मला गम चालत नाही’ म्हणून सोडून देतात.

बारमध्ये, बसस्टँडवर दुसरेच ओढत असतात. त्याचं काय?

गोव्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकणं यांविरुद्ध १९९७ सालीच कायदा केला, केंद्राचा कायदा २००३ मध्ये यायच्या कितीतरी आधी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण देशात २८.६ टक्के होतं, आणि गोवा सगळ्यात कमी प्रमाण असलेल्या राज्यांत होता. म्हणजे इथे न ओढणारे फार मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांना बोलण्याचा हक्क आहे. स्वतंत्र स्मोकिंग रूम नसलेल्या हॉटेलात शेजारच्या टेबलावर कुणी पेटवली तर वेटरला नव्हे, मालकाला किंवा मॅनेजरला सांगा. कायद्याने ती जागा धूरमुक्त ठेवण्याची जबाबदारी त्यांची आहे. वेटरला तर तोच धूर रात्रभर श्वासात घ्यावा लागतो.